गाडीतला धूर

आमच्या घरमालक काकांनी मला पहिल्यांदा झापलं ते एका फडक्यावरून. परभणीला बदलीवर येऊन मला तीनच दिवस झाले होते. वरच्या दोन खोल्या माझ्या, खाली काका आणि काकू. जिना पुसावा म्हणून मी अंगणातल्या दोरीवरचं एक फडकं ओढलं, तेवढ्यात आतून आवाज आला, "ठिवा ते! जिथं हुतं तिथं ठिवा!"

मी इतकी दचकले की फडकं हातातून सुटून खाली पडलं. काका बाहेर आले. उंच, वाळलेले, अंगात बंडी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांनी खाली पडलेल्या फडक्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आपल्या हातून कुणाचं लेकरू पडलं.

"मॅडम, हे टपाचं हाय," ते म्हणाले.

"कुठल्या टपाचं?"

"गाडीच्या. म्हंजे हुतं. आता मातीत पडलं. आता हे चाकाचं झालं." आणि ते फडकं उचलून त्यांनी दुसऱ्या दोरीवर वाळत घातलं.

चार दोऱ्या होत्या अंगणात. टपाची, काचांची, दारांची आणि चाकांची. काकूंची जुनी सुती लुगडी फाडून, चार बाजूंनी शिवून केलेली फडकी. टपाचं फडकं जरा खरखरीत झालं की दारांना लागायचं, तिथून चाकांना. खालून वर मात्र कुणी यायचं नाही. मी सरकारी नोकरीत असल्यामुळं मला हा नियम लगेच समजला.

गाडी होती एक छोटी पांढरी, बारा-तेरा वर्षं जुनी. तरी गल्लीत नवीन आलेला माणूस हमखास विचारायचा, "काका, कधी घेतली?" काका खूष व्हायचे नाहीत. ते म्हणायचे, "घेतली तवाच घेतली."

काकांचं सगळं आयुष्य येलदरीच्या वीजघरात गेलं होतं. धरणाच्या पोटात ती मोठी फिरणारी यंत्रं, आणि ती बंद करून उघडली की आत उतरून साफ करणाऱ्या लोकांत काका. तिथं कुणी वरिष्ठ होता, तो काका पुसून बाहेर आले की पांढरा हातरुमाल घेऊन आत जायचा. रुमाल काळा निघाला तर तो काहीच बोलायचा नाही, फक्त रुमाल काकांच्या हातात द्यायचा. "त्यानं एकडाव तरी शिवी द्यायची हुती," काका सांगायचे. "शिवी दिली असती तर मी इसरलो असतो."

रविवारी सकाळी काकांची आंघोळ व्हायची, मग पूजा. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन ते असे टक लावून बसायचे की काकूसुद्धा भांड्याचा आवाज होऊ देत नसत. पूजा आटोपली की तोच माणूस, तीच नजर घेऊन गाडीकडे यायचा. आधी हाताची मागची बाजू बॉनेटला लावून बघायचे, आपण लेकराचा ताप बघतो तसं. गाडी जरा जरी तापलेली असली तरी पाण्याला हात नाही.

आणि पाणी ते किती! आमच्याकडं नळाला पाणी यायचं तेव्हा यायचं, त्याचा काही नेम नव्हता. त्यामुळं पाइप लावून गाडी धुणाऱ्या माणसाला काका गुन्हेगार समजत. त्यांच्याकडं पाठीवर घेऊन पिकावर औषध मारतात तो फवारणीचा पंप होता, औषधाचा थेंबही न लागलेला, कोरा करकरीत. तो पाठीवर बांधून ते गाडीभोवती फिरायचे आणि धूळ नुसती ओली करायचे. कोरड्या धुळीवर फडकं मारणं म्हणजे त्यांच्या लेखी खून. "ही काळी माती हाय," ते म्हणायचे. "कोरडी घासली की वरखडती. भिजवली की आपलीआपण सुटती. तिला सुटायला येळ द्यावा लागतो."

मग एक बादली साबणाची आणि एक साधी. साध्या बादलीच्या तळाशी पिठाची जुनी चाळणी उपडी ठेवलेली, म्हणजे फडक्यातली माती खाली बसते, पुन्हा फडक्याला लागत नाही. आणि शेवटचा हात मारायला एसीचं पाणी. बोअरचं पाणी गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके उठतात, म्हणून शेजारच्या दातांच्या दवाखान्यातल्या एसीतून ठिबकणारं पाणी काका रोज दुपारी कॅन घेऊन आणायला जायचे. तिथली पोरगी म्हणायची, "आले काका तीर्थ न्यायला." काका गंभीरपणे कॅन भरून घ्यायचे.

मीसुद्धा सुरुवातीला हसले. खोटं कशाला बोलू? गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी राहायची आणि ह्या म्हाताऱ्याची गंमत बघायची. एका रविवारी त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, खाली या जरा." मी गेले. "कशी दिसायलीय गाडी?" मी म्हणाले, "आरशासारखी." त्यांनी खिशातून एक पातळ कॅरीबॅग काढली. "ही हातात घाला. आता फिरवा हात."

मी बॉनेटवर हात फिरवला आणि थांबलेच. नुसती वाळू! डोळ्यांना आरसा दिसत होता आणि पिशवीतून बोटांना कण न् कण लागत होता. "आता ह्या बाजूला," ते म्हणाले. अर्धं बॉनेट त्यांनी आधीच संपवलं होतं. तिथं माझा हात लोण्यावरून फिरावा तसा सरकत गेला. एकही अडथळा नाही. मी पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं, असं चार-पाच वेळा केलं. अंगावर काटा आला, हे मी शपथेवर सांगते.

"गाडी धुयाची नसती," काका म्हणाले. "तिच्यावर जे तिचं न्हाई, तेवढं काढून घ्यायचं. बास." त्यानंतर मी गॅलरीतून चहा पीत बघणं बंद केलं. खाली जाऊन पायरीवर बसून बघायला लागले.

काकू मात्र जराही दबलेल्या नव्हत्या. "माझ्या नखात काय हाय ते ह्यांनी चाळीस वर्षांत बघितलं न्हाई," त्या म्हणायच्या, "गाडीच्या फटीत काय हाय ते बरूबर दिसतंय." एकदा त्यांनी मला पुतण्याच्या लग्नाचा अल्बम दाखवला. नवरदेवाला ह्याच गाडीतून न्यायचं ठरलं होतं. सजावटवाली पोरं चिकटपट्टीची रिळं घेऊन आली तर काका गाडीला आडवे उभे. "चिकटपट्टी लावाल तर नवरदेव चालत जाईल." मग त्यांनी स्वतः जुन्या धोतरावर झेंडूच्या माळा सुईदोऱ्यानं शिवल्या आणि पोळ्याला बैलावर झूल घालतात तशी ती गाडीवर घातली, नाडीनं बांधून. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण नवरदेव चढायला लागला तेव्हा म्हणाले, "आधी बूड, मग पाय." म्हणजे आधी शिटावर आडवं बसायचं, पाय बाहेर लोंबकळत ठेवायचे, मोजड्या एकमेकींवर आपटून माती झाडायची, आणि मगच पाय आत. वरात थांबली, बँड थांबला, करवल्या खिदळायला लागल्या, आणि नवरदेव तुरा सावरत मोजड्या आपटतोय. तो फोटो अल्बममध्ये पहिल्या पानावर लावलेला आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. काका दुसऱ्या कुणाच्या गाडीला हात लावत नसत. आमच्या गल्लीत एक मोठे साहेब राहायचे, ते एकदा स्वतः चालत आले. काळी लांबलचक गाडी त्यांची. फार गोड बोलले, काकांच्या हाताची तारीफ केली आणि म्हणाले, महिन्यातून एकदा आमच्याही गाडीवरून हात फिरवा. काकांनी त्यांना चहा पाजला आणि दारापर्यंत सोडून सांगितलं, "साहेब, मी गाड्या धूत न्हाई. मी माझी गाडी धुतो." साहेब त्यानंतर काकांना नमस्कार करीनासे झाले. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता माझ्या बाबांचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

आई-बाबा बोरीला असायचे, परभणीपासून तासाभराच्या रस्त्यावर. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, गाव त्यांना गुरुजीच म्हणायचं. दमा जुनाच, पण निवृत्तीनंतर त्यानं बाबांना पार धरलं. वर्ष झालं होतं, बाबा आडवे होऊन झोपले नव्हते. आडवं झालं की छातीवर कुणी तरी बसल्यासारखं व्हायचं. खुर्चीत बसून, समोरच्या टेबलावर उशी ठेवून, त्या उशीवर डोकं टेकवायचं. दहा-पंधरा मिनिटं डोळा लागायचा, की खोकला उठवायचा. माणूस झोपेसाठी किती भुकेला होऊ शकतो, हे मी बाबांच्या डोळ्यांत बघितलं.

दर पंधरा दिवसांनी त्यांना परभणीला छातीच्या डॉक्टरांकडं यावं लागायचं. येणार कशानं? बसनं नाही तर जीपनं. शेजारी बिडी ओढणारा, पुढं ट्रकचा धूर, रुंदीकरणाचं काम चालू असलेल्या रस्त्याची धूळ. दवाखान्यात पोचेपर्यंत दुखणं दुप्पट व्हायचं. माझ्याकडं येऊन राहा म्हटलं तर, "लेकीच्या घरी किती दिवस? आन शाळेतली पोरं संध्याकाळी गणितं विचारायला येत्यात, ती कुठं जातील?" शेवटी एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, "मी आता परभणीला येणार न्हाई. औषध हाय तेवढं खाईन."

म्हणून मी गाडी घेतली. जुनी, एका ओळखीच्या ओळखीतून. विकणारा म्हणाला, मी सुपारीसुद्धा खात नाही. गाडीत सेंटच्या तीन बाटल्या लटकत होत्या. बाबांना सेंट चालत नाही म्हणून मी त्या काढून फेकल्या, काचा उघड्या ठेवून चालवत घरी आणली आणि मनात म्हणाले, झालं काम.

बाबा पांढरा शर्ट घालून तयार होते. आईनं हातावर दही ठेवलं. गाव सुटलं, धूळ नको म्हणून मी काचा वर केल्या, आणि दोन मैलही झाले नसतील, बाबा कॉलरशी चाळा करायला लागले. मग म्हणाले, "थांबव." दार उघडून ते पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले आणि श्वासाचा पंप तोंडाला लावला. खांदे कानापर्यंत चढत होते. मी पाठ चोळत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते.

घरी परत नेलं तेव्हा बोलण्याइतका दम आल्यावर ते म्हणाले, "तुझ्या शब्दाखातर अजून एकडाव बसतो. त्याही वेळी जमलं न्हाई तर माझ्यापुढं दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई." बाबांनी असं सांगितलं की ते तसंच करत. म्हणजे एक खेप. ती फसली की संपलं.

मी परभणीला आले, अंगणात गाडी लावली आणि आतच बसून रडले. काचेवर टकटक झाली. काका. मी दार उघडलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला बाहेर यायची खूण केली, स्वतः मागचं दार उघडून डोकं आत घातलं, डोळे मिटले आणि दोनदा वास घेतला.

"शिगरेट," ते म्हणाले. "पाच-सहा वर्षांची. पुढं बसून कमी, मागं बसून जास्त. वरून सेंट मारलाय, चोरानं." मग विचारलं, "गुरुजींना कधी न्यायचंय?"

"आजची तारीख चुकली. पुढची वीस दिवसांनी आहे."

त्यांनी बोटांवर काही तरी मोजलं आणि हात पुढं केला. "चावी द्या."

दारात उभ्या असलेल्या काकू आत जायला निघाल्या होत्या, त्या परत फिरल्या, आपण नीट ऐकलं का ते बघायला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायला खाली उतरले तर माझी गाडी अंगणात पसरलेली! चारही शिटा बोल्ट काढून बाहेर, खालचा गालिचा बाहेर, पायपुसणी, डिकीची फळी, सगळं ताडपत्रीवर ओळीनं मांडलेलं. मागच्या शिटाखाली सिगारेटची थोटकं निघाली होती. काकांनी ती एका वाटीत ठेवली होती. "बघा," एवढंच म्हणाले. सुपारीसुद्धा न खाणाऱ्या त्या माणसाचा मी मनातल्या मनात उद्धार केला.

पुढचे अठरा दिवस मी जे बघितलं ते पुन्हा कुठं बघायला मिळेल असं वाटत नाही. रिठ्याच्या पाण्यानं गालिचा धुतला, एकदा नाही, चारदा. शिटांवर खायचा सोडा भुरभुरून दिवसभर ठेवायचा, मग झटकायचा. छताचं कापड भिजवायचं नाही, नाही तर डिंक सुटून ते लोंबतं, म्हणून घट्ट पिळलेल्या फडक्यानं वीतभर जागा टिपायची, फडकं बदलायचं, पुढची वीत. प्रत्येक फडक्यावर चहासारखा डाग उतरायचा. काचा आतून पुसल्या तर त्यांच्यावरसुद्धा तोच तपकिरी थर. एसीची जाळी बदलली, आणि हवा येते त्या फटी रंगाच्या बारीक ब्रशनं एकेक करून साफ केल्या. मला वाटलं, आता काय राहिलं? काकांनी सीटबेल्ट ओढला, पूर्ण, शेवटपर्यंत, आणि पकडीनं अडकवला. आत गुंडाळून राहणारा तो पट्टा, त्याच्याकडं जन्मात कुणाचं लक्ष जात नाही. "माणसाच्या नाकापासून हा इतभर," ते म्हणाले, "आन सगळ्यात जास्त धूर ह्याच्यातच." बेल्ट धुतलेलं पाणी काळं निघालं.

रोज दुपारी गाडी उन्हात उभी करून काचा लावायच्या. दोन तासांनी काका दार उघडून नाक आत घालायचे. तापली की गाडी आपला लपवलेला वास बाहेर काढते म्हणे. मग ते नाकानं माग काढायचे. आज दाराच्या कप्प्यातून, आज स्टेअरिंगच्या खालून. ह्या कामासाठी त्यांनी तंबाखू सोडली. चाळीस वर्षांची तंबाखू, एका दिवसात, नाक साफ राहावं म्हणून. आणि काकूंना हुकूम झाला की त्यांचं हुंगणं संपेपर्यंत घरात फोडणी द्यायची नाही.

"लोकांच्या गाडीपायी मी आळणी खायचं का?" काकू कडाडल्या. पण फोडणी त्यांनी दिली नाही. अठरा दिवस आमच्या घरात दुपारचं वरण बिनफोडणीचं होतं, आणि काकू मला जिन्यात अडवून सांगायच्या, "तुझ्या बाबांना बरं वाटू दे गं माय, एवढंच म्हणते मी."

मी मध्येच घाई करायचे. "काका, मला तर वासच येत नाही आता." ते म्हणायचे, "तुमचं नाक लबाड हाय. तुमाला जे पायजे तेच सांगतंय."

अठराव्या दिवशी त्यांनी सगळं जोडलं, काचा लावल्या आणि भर दुपारी स्वतः आत जाऊन बसले. तासभर. आम्ही दोघी बाहेर घाबऱ्या झालो. घामानं निथळत बाहेर आले आणि चावी माझ्या हातात ठेवली. "आता हिच्यात दुसऱ्याचं काई न्हाई."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते चार पावलं मागं सरकले.

तारखेच्या दिवशी सकाळी मी बोरीला पोचले. गाडी दारात लावली. आईनं आनंदानं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी आत जाऊन बाबांची फाईल, औषधं, स्वेटर गोळा केला, चहा घेतला. बाबांना शर्टाची बटणं लावून दिली. अर्धा तास गेला असेल. बाबांचा हात धरून बाहेर आले आणि त्यांना दारातच थांबवलं.

गाडीच्या आत पांढरं धुकं होतं. चारही काचा बंद. आई हातात धुपाटणं घेऊन हसत उभी. "सिगरेटचा वास ऱ्हायलाय म्हणत हुतीस न्हाई का? चांगला ऊद दिलाय, गवरीच्या निखाऱ्यावर. कोंडून ठिवलाय. धूर जाईल निघून, वास तेवढा ऱ्हाईल. आता वास घे बरं!"

लहानपणी आमच्या झबल्यांना, दुपट्यांना आईनं असाच ऊद दिलेला. घाण वास गेला पाहिजे, लेकरू चांगलं झोपलं पाहिजे म्हणून. काकांची अठरा दिवसांची मेहनत तिनं अर्ध्या तासात, मायेनं, धुरात कोंडली होती. मी ओरडले. पोटच्या आईवर गल्लीदेखत ओरडले, त्याची मला अजून लाज वाटते. आईचा चेहरा उतरला, मग तिला समजलं आणि ती उंबऱ्यावर बसून रडायला लागली. बाबा लांबूनच खोकायला लागले आणि आत वळले. "राहू दे बाई," म्हणाले. "काढून ठिव शर्ट."

मी काकांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती येळ कोंडला?"

"अर्धा तास."

"डॉक्टर कितीपर्यंत असत्यात?"

"दोनपर्यंत."

"शर्ट काढू देऊ नका," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

तासाभरानं ती पांढरी गाडी आमच्या दाराशी आली. मी ती ओळखलीच नाही. रस्त्याचं काम चालू झाल्यापासून काकांनी तिला ह्या रस्त्यावर आणलं नव्हतं. टपापासून चाकापर्यंत मुरूम आणि माती, वायपरच्या दोन कमानींतून तेवढी काच दिसत होती. काका उतरले. आई अजून उंबऱ्यावरच होती. मला वाटलं, आता हिला दोन शब्द ऐकावे लागणार, आणि खरं तर तिची चूकही होती. काका आधी माझ्या गाडीपाशी गेले, दार उघडून एकदा वास घेतला आणि आईसमोर येऊन उभे राहिले.

"ऊद अस्सल हाय, माय," ते म्हणाले. "कुठला?"

आईनं पदरानं डोळे पुसले. "परवाच्या उरुसातला."

"तरीच."

आईचं रडं थांबलं. मग ते आत जाऊन बाबांसमोर हात जोडून उभे राहिले. "जयभीम, गुरुजी. माझ्या गाडीत बसून बघता का? न्हाई जमलं तर तुमी म्हणाल तिथं थांबवतो."

बाबा पुढं बसले, मी मागं, काकांच्या शिटामागं. काचा वर. गाव सुटलं. माझी नजर बाबांच्या खांद्यांवर. तो पूल आला, तो कठडा आला. मी श्वास धरला. कठडा मागं गेला. बाहेर ट्रकनं उडवलेल्या धुळीचा नुसता लोट, आणि आत काही नाही. इतकी स्वच्छ हवा मी कधी अनुभवली नव्हती. तिला कसलाच वास नव्हता. बाबांचे खांदे हळूहळू खाली यायला लागले. थोड्या वेळानं ते काकांना विचारायला लागले, "येलदरीला किती वर्षं होता तुमी?" आणि मी खिडकीकडं तोंड करून रडले.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, आज पहिल्यांदा तुम्ही बोलत आत आलात."

काकांनी पुढं माझ्या गाडीतला ऊदही काढला. नऊ दिवस लागले, पुन्हा बिनफोडणीचं वरण. त्या गाडीतून बाबा दोन वर्षं न चुकता दवाखान्यात येत राहिले. ती दोन वर्षं मला कुणी दिली, हे मला पक्कं माहीत आहे. आता बाबा नाहीत. माझीही परभणीहून बदली झाली. पण काका म्हटलं की मला त्यांची फडकी आठवत नाहीत आणि नवरदेवही आठवत नाही. त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यानंतरची दुपार आठवते.

जेवून मग बोरीला जायचं असं ठरलं होतं. काकांनी परभणीच्या घराच्या फाटकापाशी गाडी थांबवून इंजिन बंद केलं आणि मागं वळून ओठांवर बोट ठेवलं. मी पुढं वाकून बघितलं. बाबा झोपले होते. त्यांची शीट जवळजवळ आडवी झालेली. वाटेत कधी तरी, गतिरोधकावर, वळणावर, काकांनी ती एकेक दात मागं घेतली होती आणि ते बाबांना कळलं नव्हतं, मलाही कळलं नव्हतं. बाबांचं तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे. वर्षभरात पहिल्यांदा माझे बाबा पडून झोपले होते.

तिथं ऊन होतं. काकांनी ब्रेक सोडला आणि खुणेनं मला मागून ढकलायला सांगितलं. आम्ही दोघांनी ती गाडी आवाज न करता ढकलत कडुलिंबाखाली नेली. काकांनी काचा चार-चार बोटं खाली घेतल्या आणि बाजूला उभे राहिले. पानगळीचे दिवस. पिवळी पानं टपाटप गाडीवर पडत होती. एक साळुंकी थेट बॉनेटवर घाण करून गेली. काकांचा हात उचलला गेला, तसाच खाली आला, आणि मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधून टाकले. काकूंनी दारातून जेवायची खूण केली. त्यांनी मान हलवली, नाही. समोरून टेम्पो आला तर फाटकाबाहेर जाऊन दोन्ही हातांनी त्याला हळू जायला सांगितलं आणि परत येऊन उभे राहिले. दीड तास.

मग बाबांनी जरा मान वळवली. डोळे अर्धवट उघडले. समोर झाडाचा बुंधा, बाजूला भिंत, त्यांना काही उमगलं नसावं.

"पोचलो का?" त्यांनी विचारलं.

काका काचेच्या फटीशी वाकले.

"न्हाई, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "लांब हाय अजून. पडा तुमी."

बाबांनी डोळे मिटले.